पावण्या घोड्याचा मान

शेवंता शेवग्याच्या झाडाभोवती फिरत होती. एकाच बाजूला वळत, एकाच रिंगणात, मान खाली घालून. डोळे उघडे होते, पण ती जागी नव्हती. तिच्या खुरांनी झाडाभोवतीची माती उकरून चर पडला होता. मध्येच ती रिंगण सोडायची, तबेल्याच्या भिंतीला कपाळ टेकायची आणि भिंतीपलीकडं जायचं असल्यासारखी जोर लावून उभी राहायची. मग पुन्हा झाड. भर दुपार होती. दारात आमच्या गल्लीतली आणि शेजारच्या तालमीतली माणसं जमली होती. कुणाकडं काठी, कुणाकडं दगड, एकाकडं पहार. घोडी पिसाळली आहे, गल्लीत सुटायच्या आत तिला मारलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. ते वाईट लोक नव्हते. गल्लीत लहान पोरं खेळत असत. आबा, म्हणजे माझे वडील, दारात आडवे उभे होते. हातात काही नव्हतं. ते म्हणाले, "घोडी माझी हाय. मारायची झाली तर मी मारीन. तुमी कुनी आत यायचं न्हाय."

आई आणि मी चुलीपाशी होतो. आईनं माझं मनगट धरलं होतं. तिला वाटत होतं मी पळत अंगणात जाईन. मी जाणार नव्हते. मला शेवंताची भीती वाटत होती, आणि ज्या घोडीच्या पोटाखाली बसून मी भाकरी खाल्ली तिची भीती वाटावी, ही गोष्ट मला झोपेत पडलेल्या एखाद्या स्वप्नासारखी वाटत होती. जागं झालं की संपेल अशी.

आमचं घर शिवाजी पेठेत होतं. पुढं सोपा, मागं स्वयंपाकाची खोली, आणि तिला लागून तबेला. मधली भिंत आढ्यापर्यंत गेलेली नव्हती, हात-दीड हात मोकळी होती. त्या मोकळ्या जागेतून तबेल्यातला वास, ऊब आणि आवाज आमच्याकडं यायचा, आणि आमच्या चुलीचा धूर तिकडं जायचा. शेवंता रात्रभर गवत चघळायची. तो आवाज ऐकत मी लहानाची मोठी झाले. संथ, दाटसर, मध्येच थांबणारा, मग एक लांब उसासा, मग पुन्हा सुरू. आता मी राजारामपुरीत मुलाच्या फ्लॅटवर राहते. खाली क्लास आहे, पोरापोरींच्या गाड्या रात्रीपर्यंत भुर्रभुर्र करत असतात. झोप येत नाही ती त्या आवाजानं नाही. भिंतीपलीकडं कुणी चघळत नाही, म्हणून येत नाही. सुनेला हे सांगितलं तर ती म्हणाली, पंखा मोठा करते.

हुलग्याचं पोतं एकच असायचं. त्यातलेच हुलगे शिजवून शेवंताला, आणि त्यातलेच भरडून आमच्यासाठी माडगं. आई ते मोठ्या पातेल्यात ढवळायची. लसूण, मीठ, वरून तिखट. थंडीच्या सकाळी आबा माडग्याचा वाडगा घेऊन तबेल्याच्या उंबऱ्यावर बसायचे, शेवंता आपल्या घमेल्यात तोंड घालून उभी, दोघांच्याही तोंडातून वाफ निघायची. आबा तिच्याशी बोलत नसत. लोक समजतात टांगेवाले घोड्याशी दिवसभर बोलतात. आबा आमच्याशीही फारसं बोलत नसत. सांजेला गोवरीची धुरी करायचे. माशा-डासांसाठी. तो धूर अंगणात कमरेइतका उंच थांबायचा, त्याच्या वर शेवंताचं तोंड आणि आबांचं मुंडासं तेवढं दिसायचं, पाण्यातून दोघं चालल्यासारखी.

बैलांचा बेंदूर, म्हणजे आमच्याकडचा पोळा, झाला की दुसऱ्या दिवशी टांगेवाले घोड्यांचा बेंदूर करत. असा सण कुठल्या पंचांगात नाही. बैलाला दिवस आहे आणि आमच्या घोड्याला का नाही, एवढ्याच हट्टानं कधीतरी कुणीतरी सुरू केला असणार. टांग्यांच्या अड्ड्यावरचे सगळे घोडे धुऊन, गोंडे बांधून आमच्या दारी यायचे. आमच्याच दारी, कारण नस्तर आबांकडं होतं. नस्तर म्हणजे रक्त सोडायची लहान, रुंद पात्याची सुरी. माझ्या आज्ज्याची होती. पावसाळ्यात घोड्याचं रक्त जड होतं, त्यातलं थोडं सोडलं की घोडा वर्षभर हलका पळतो, असं सगळे मानत. आबा घोड्याच्या मानेवर अंगठा दाबायचे, शीर फुगली की एकच टिचका. घोडा हलत नसे. रक्ताची धार राखेच्या ढिगात पडायची. मग हळदीची चिमूट दाबायची, तेलाच्या चिंधीनं नस्तर पुसायचं, आणि पुढचा घोडा. चिंधी एकच असायची. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. देवाच्या समईच्या सगळ्या वातीही एकाच काडीनं लागतात.

ह्याला रांग असायची, आणि रांगेचा कायदा होता. अड्ड्यावर नवा आलेला घोडा पहिला, कारण तो पावणा. त्याच्यामागं घरधन्याचा घोडा, पावण्याला सोबत म्हणून. मग बाकीचे, जो नवा तो आधी, जो जुना तो मागं. सगळ्यांत शेवटी हसनचाचांची मस्तानी. हसनचाचा अड्ड्यावरचे सगळ्यांत जुने टांगेवाले, त्यामुळं दर वर्षी ताटकळत उभं राहायचा मान त्यांचा. ते म्हणायचे, म्हातारा झालो की माणसाला जेवायलाबी शेवटी बसवत्यात, घोडीला काय. आई प्रत्येक घोड्याला कुंकू लावून ओवाळायची आणि पोळीचा घास द्यायची.

त्या वर्षी पहिला मान होता कबऱ्याचा. कबऱ्या माझ्या मामाचा घोडा. तातूमामा, आईचा धाकटा भाऊ, मुरगूडचा. भावांशी वाटणीवरून बिनसलं आणि तो शेती सोडून आमच्याकडं आला, टांगा हाकायचा म्हणाला. येताना सीमेवरच्या बाजारातून हा घोडा घेऊन आला. पांढऱ्यावर करडे ठिपके, लांब पापण्या, फार देखणा. पण बरगड्या दिसत होत्या आणि पोटाखाली हाताच्या पंजाएवढी सूज होती. मामा म्हणाला, लांबून चालवत आणलाय, दमलाय. आबांनी सुजेवर बोट दाबलं, खड्डा पडला, तो हळूहळू भरला. आबा काही बोलले नाहीत. मेहुण्याच्या घोड्यात खोट काढायची कशी? आईला तर भाऊ आल्याचाच आनंद इतका, की तिनं त्या दिवशी कबऱ्याला अख्खी पोळी दिली. आबांनी त्याच्या मानेवर अंगठा दाबला, टिचका दिला, चिंधीनं नस्तर पुसलं, आणि मागं वळून शेवंताला पुढं घेतलं.

कबऱ्या काही बाळसं धरेना. आज तापानं फणफणायचा, चार दिवस बरा, परत ताप. श्रावणात शेवंताला झोप येऊ लागली. दुसरा शब्द मला सापडत नाही. ती टांग्याला जुंपलेली असताना चालता चालता झोपायची. पाय चालत असायचे, बाकी ती तिथं नसायची. एकदा आबा स्टेशनवरून एका वकिलाला घेऊन निघाले, वाटेत मला शाळेतून उचललं. पाऊस नुकता थांबला होता. शेवंता कोर्टाच्या रस्त्याला वळलीच नाही. आबांनी लगाम ओढला नाही, का ते मला माहीत नाही. ती आपल्या मनानं पेठेतून, तालमीवरून, सरळ रंकाळ्यावर गेली आणि पुढचे दोन पाय पाण्यात घालून उभी राहिली. पाणी आणि आभाळ एकाच रंगाचं होतं. पलीकडचा काठ दिसत नव्हता. टांग्याची चाकं चिखलात हळूहळू रुतत होती. शेवंताच्या कानांवर माशा बसल्या होत्या आणि ती त्या उडवत नव्हती. वकील म्हणाले, "अहो, मला कोर्टात जायचंय, तळ्यात नाही." आबा खाली उतरले, तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि तिच्या डोळ्यांत बघत राहिले. मला ते खूप वेळ वाटलं. मी ते चित्र अजून बघते. त्यात वकील नसतात, चिखल नसतो. नुसतं पाणी असतं, एक घोडी आणि एक माणूस.

मग अड्ड्यावरची आणखी घोडी आजारी पडली. कुणाचे मागचे पाय लटपटायचे, कुणाच्या पायांना सूज, कुणी दाणा खाऊनही वाळत चाललेला. शेवंता दसऱ्याच्या आधी रिंगण घालायला लागली. मी सुरुवातीला सांगितली ती दुपार तेव्हाचीच.

दारातल्या माणसांना बाजूला सारत एक उंच, किडकिडीत माणूस आत आला. खांद्याला चामड्याची पेटी. तो मुंबईहून आलेला घोड्यांचा डॉक्टर होता. घोड्यांच्या आजारांवर तो अभ्यास करत होता, आणि कोल्हापुरात घोडी लटपटतायत असं कळल्यावर आधी अड्ड्यावर गेला होता. हसनचाचांनी त्याला आमच्याकडं पाठवलं. त्यानं शेवंताकडं पाहिलं, मग माणसांकडं वळून विचारलं, पिसाळलेलं जनावर पाणी पितं का. सगळे म्हणाले, नाही पीत. त्यानं बादली मागवली. आबांनी आणली. डॉक्टरनं शेवंताची आयाळ धरून तिला थांबवलं आणि बादली तिच्या तोंडाखाली धरली. शेवंता जरा वेळ पाण्यात नुसती बघत राहिली. मग प्यायली. सगळी बादली प्यायली. माणसं गेली. पहारवाला जाताना म्हणाला, मग अशी गरागरा का फिरतीय.

नंतर सोप्यात चहा पिताना डॉक्टर आबांना म्हणाला, की पाणी प्यायलं म्हणजे पिसाळलेलं नाहीच, असं काही पक्कं नसतं. त्याला स्वतःलाही खात्री नव्हती. पण लोकांना ती खूण पटते, म्हणून त्यानं ती दाखवली. आई आतून म्हणाली, "आनि चावली असती तर?" डॉक्टर म्हणाला, तर चावली असती. आईला तो माणूस तिथंच आवडला. तिनं त्याला जेवायला थांबवलं, खर्डा आणि भाकरी वाढली. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी त्यानं दुसरी भाकरी मागितली.

आमच्या सोप्यात सकाळचं ऊन सरळ यायचं, म्हणून त्यानं आपलं यंत्र तिथं मांडलं. घोड्याच्या कानाला सुई टोचायची, थेंब काचेच्या पट्टीवर घ्यायचा आणि यंत्रात बघायचं. गल्लीनं त्याचं नाव काचवाला ठेवलं. मी सारखी आजूबाजूला घुटमळायची, म्हणून एकदा त्यानं मला स्टुलावर उभं केलं आणि बघ म्हणाला. आधी नुसता उजेड दिसला. मग त्या उजेडात मणी दिसले, असंख्य, फिकट, एकमेकांना चिकटून पोहणारे. आणि त्यांच्यामधून एक बारीक चंदेरी अळी वळवळत गेली. मणी तिच्या धक्क्यानं हलले, बाजूला झाले, परत जागेवर आले. मी विचारलं हे काय आहे. तो म्हणाला, "हा शेवंताचा आजार. ह्याला सर्रा म्हणतात. हा रक्तात राहतो, आणि फार दिवस राहिला की डोक्यात जातो." मी डोळा काढला नाही. मला ते भयंकर वाटायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर इतकं सुंदर मी तोपर्यंत काही बघितलं नव्हतं. रात्री भिंतीपलीकडून शेवंताचं चघळणं ऐकू येईना. मी पडल्या पडल्या विचार करायची, की आता तिच्या डोक्यात तो उजेड असेल, आणि त्यात ह्या अळ्या रंकाळ्यातल्या मासोळ्यांसारख्या फिरत असतील, आणि ती त्यांच्याकडं बघत असेल, म्हणून तिला आम्ही दिसत नाही.

डॉक्टर म्हणाला, हा आजार चावऱ्या माशा पसरवतात. मग काय, सगळ्या अड्ड्यानं धुरी धरली. आमच्या घरात तर दिवसभर. भांडी, कपडे, माझे केस, सगळ्याला गोवरीचा वास. घरातली माणसं धुरातून उगवायची आणि धुरात जायची. पण डॉक्टरचं मन मानेना. अड्ड्यावर सगळे घोडे दिवसभर एकमेकांना खेटून उभे असतात, माशी काही निवडून बसत नाही. मग हसनचाचांची मस्तानी ठणठणीत कशी? तिच्या शेजारचे दोघेही ठणठणीत कसे?

एका सकाळी तो शेवंताच्या मानेवरून हात फिरवत होता. त्याचं बोट शिरेवरच्या वणावर थांबलं. हे काय, म्हणून त्यानं विचारलं. आबा आत गेले, आढ्याच्या खाचेतलं नस्तर काढून त्याच्या हातात दिलं. आपल्या बापाची चीज दाखवतात तसं दिलं. सोप्यात तेव्हा हसनचाचा होते, तातूमामा होता, अड्ड्यावरचे दोघं-चौघं होते. आबांनी सगळं सांगितलं. बेंदूर, रांग, अंगठा, टिचका, चिंधी. हसनचाचा मध्येच आबांकडं बोट करून म्हणाले, "साहेब, गणपाचा हात असा की घोड्याला कळत न्हाय. मुंगी चावावी तसं." डॉक्टरनं नस्तर उन्हात धरलं, उलटंपालटं केलं आणि विचारलं, यंदा रांगेत घोडे कसे उभे होते.

आबांना आठवेना. ते म्हणाले, मी शीर बघतो, घोडा बघत न्हाय. मामा खाली मान घालून बसला होता. बाकीचे आपसांत म्हणू लागले, तुझा आधी होता, न्हाय, माझा मागनं आला. आई स्वयंपाकाच्या दारात परात घेऊन उभी होती. प्रत्येक घोड्याला कुंकू तिनं लावलं होतं. तिला रांग तोंडपाठ होती. डॉक्टर का विचारतोय हेही तिला कळलं होतं, हे मी तिच्या तोंडावरून ओळखलं. तिनं एकदा भावाकडं बघितलं. मग आबांकडं.

"पयला कबऱ्या," ती म्हणाली. "त्याच्यामागं आमची शेवंता." मग एकेक घोड्याचं नाव घेत गेली. आजारी घोड्यांची नावं आधी आली, सगळी, एकापाठोपाठ एक. मग निरोगी घोडे सुरू झाले. शेवटचं नाव मस्तानी. आईनं परात खाली ठेवली. 

आबांनी विचारलं, "म्हंजे माझ्या हातानं?"

डॉक्टर म्हणाला, "हातानं नाही. सुरीनं. पहिल्याच्या रक्तातलं दुसऱ्यात गेलं, उरलेलं तिसऱ्यात. पुढं पुढं पातं पुसलं गेलं."

"सुरी कुनाच्या हातात हुती?" आबा म्हणाले.

डॉक्टरनं नस्तर खाली ठेवलं. आबांशी त्याला खोटं बोलता यायचं नाही. हसनचाचा उठले, आबांच्या खांद्यावर हात ठेवला, मग काढून घेतला आणि चपला घालून निघून गेले. बाकीचेही गेले. कुणी आबांना शिव्या दिल्या नाहीत, आणि असू दे असंही कुणी म्हणालं नाही. मामा रात्री मुरगूडला परत जायची पिशवी भरू लागला. आईनं ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि खुंटीला लावली. ती त्याला एवढंच म्हणाली, की घोडा टाकून पळणारा भाऊ मला नको.

मला साखर आहे. महिन्याला रक्त तपासायला जाते. तिथल्या पोरीला मी प्रत्येक वेळी सांगते, सुई माझ्यासमोर फोड. ती म्हणते, आजी, सुई दर वेळी नवीनच असते. मी म्हणते, असू दे, मला दाखव. पाकीट फाटल्याचा आवाज आल्याशिवाय मी हात पुढं करत नाही. तिला वाटतं म्हातारी खवचट आहे. आहेच.

डॉक्टरनं मुंबईहून औषध मागवलं. ते आलं, पण सगळ्या आजारी घोड्यांना पुरेल एवढं नव्हतं. आणखी यायला वेळ लागणार होता. डॉक्टरनं आबांना बाजूला घेऊन सांगितलं, की शेवंताच्या डोक्यात आजार गेलाय, आणि हे औषध डोक्यापर्यंत नीट पोचत नाही. तिला देऊन उपयोग होईल असं वाटत नाही. पण घोडी तुमची आहे, आणि दारही तुमचं आहे; कुणाला द्यायचं ते तुम्ही ठरवा.  दुसऱ्या दिवशी सकाळी अड्ड्यावरची आजारी घोडी आमच्या दारी आली. गोंडे नव्हते, धुतलेली नव्हती. मालक घोड्यांच्या तोंडाशी उभे होते आणि आबांकडं बघत नव्हते. पण आले होते. टांगेवाल्याला रुसून चालत नाही, त्याला उद्या जुंपायचं असतं. आईनं चुलीवर पाणी उकळत ठेवलं होतं. एका घोड्याला टोचलं की सुई उकळत्या पाण्यात, मगच दुसऱ्याला.

आबांनी कबऱ्याचा लगाम धरून त्याला पुढं आणलं.

मामा आडवा आला. "दाजी, ह्याच्यामुळं समदं झालं. ह्याचं ऱ्हाऊ द्या. शेवंताला द्या."

"पयला मान पावण्याचा," आबा म्हणाले. "तवाबी हुता. आताबी हाय."

"अवो, मेला तरी चालंल ह्यो."

"तातू, बाजूला हो."

कबऱ्याला टोचलं. त्याच्यामागं घरधन्याच्या घोड्याची जागा होती. तिथं आबांनी दुसऱ्याचा घोडा घेतला. मग तिसऱ्याचा. आई प्रत्येक वेळी चिमट्यानं सुई उचलून डॉक्टरला देत होती. वाफेनं तिचं तोंड लाल झालं होतं. शेवग्यापाशी शेवंता फिरत होती. तिचं रिंगण आता लहान झालं होतं. मी झाडाला टेकून बसले होते आणि ती माझ्याभोवती फिरत होती, आणि तिची सावली माझ्यावरून जायची आणि यायची. रांगेतले शेवटचे काही घोडे तसेच राहिले आणि औषध संपलं. हसनचाचा मस्तानीला न घेता आले होते, नुसते बघायला. ते शेवंताकडं बघून म्हणाले, "गणपा, एक तरी ठेवायचं हुतंस गा." 

शेवंता आणखी थोडे दिवस होती. शेवटी ती पडली आणि उठली नाही. आडवी पडूनही पाय चालत होते. आबांनी तिच्या डोक्याखाली गवताचं पोतं ठेवलं. मी तिच्या पोटाला पाठ लावून बसायची. ऊब होती अजून. तिचे पाय हलायचे तेव्हा मला वाटायचं आम्ही दोघी कुठंतरी चाललोय. रस्ता लांब आहे, पाऊस थांबलाय, पलीकडचा काठ दिसत नाही.

डॉक्टरनं आबांना विचारलं तेव्हा मी तिथंच होते. माझ्यासमोर बोलू की नको, असा त्यानं विचार केला नाही. तो म्हणाला, हा आजार डोक्यात जाऊन काय करतो हे अजून नीट कुणाला माहीत नाही. ती गेली की तिचा मेंदू मला काढून न्यायचाय. मुंबईला नेऊन त्याच्या बारीक चकत्या करून बघणार. आमच्यात घोडा गेला की त्याला पुरतात, डोक्यावर गुलाल टाकून, माणसासारखा. डोकं फोडलेला घोडा पुरायचा हे अड्ड्यावर कुणी ऐकलंही नव्हतं. मामा रडायला लागला.  आबा म्हणाले, "काढा. पर डोकं परत शिवून द्यायचं. तशी पुरायची न्हाय मी तिला."

डॉक्टर म्हणाला, शिवतो.

ती गेली त्या सकाळी आबांनी तिचा गोंडा काढून घेतला आणि आम्हा सगळ्यांना सोप्यात बसवून तबेल्याचं दार लावलं. आत डॉक्टर आणि आबा दोघंच. आबा का आत थांबले हे मी त्यांना पुढं कधी विचारलं नाही. आई चुलीपाशी माडगं ढवळत बसली. ते कुणीच खाणार नव्हतं. भिंतीवरच्या मोकळ्या जागेतून आवाज येत होते. ते आवाज मी इथं लिहिणार नाही. दार उघडलं तेव्हा डॉक्टरच्या हातात झाकणाची काचेची बरणी होती, त्यात पाण्यात काहीतरी करडं, सुरकुतलेलं. एवढंसं. मला वाटलं होतं मोठं असेल. त्यात रंकाळा होता, स्टेशनचा रस्ता होता, मी होते, आणि सगळं मिळून एवढंसं. शेवंताच्या कपाळावर जाड दोऱ्याची शिवण होती. चांगली शिवण होती. आबांनी त्यावर गुलाल टाकला.

थंडीत डॉक्टर पुन्हा आला. औषध मागून आलं तेव्हा दुसऱ्या माणसानं आणलं होतं. हा मात्र मुद्दाम आबांना सांगायला आला. मेंदूला सूज होती, शिरांभोवती काय काय साचलं होतं, ते त्यानं सांगितलं. मला सगळं कळलं नाही, आबांनाही कळलं नसेल. तो म्हणाला, पुढच्या घोड्यांच्या वेळी हे उपयोगी पडेल. डोक्यात जायच्या आधी ओळखायला शिकलं पाहिजे, एवढं तरी ह्यातून कळलं. आबांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "फिरत हुती तवा तिला दुकत हुतं का?"

डॉक्टर म्हणाला, "मला माहीत नाही."

इतकी वर्षं झाली. माझ्या आयुष्यात पुष्कळ डॉक्टर आले, सगळ्यांना सगळं माहीत होतं. माहीत नाही म्हणणारा हा एकटाच निघाला.

घोड्यांचा बेंदूर पुढंही होत राहिला. आई कुंकू लावायची, पोळी द्यायची. रांग तीच, फक्त रक्त सोडत नसत. नस्तर आढ्याच्या खाचेत गंजत राहिलं. घर विकलं तेव्हा भंगारवाल्यानं बाकीच्या लोखंडाबरोबर ते नेलं. मामाचं टांगा हाकण्यात मन लागेना. तो वर्षभरानं मुरगूडला परत गेला, भावांशी त्याचं पुन्हा जुळलं. जाताना त्यानं लगाम आबांच्या हातात दिला. त्यानंतर आमच्या भिंतीपलीकडं कबऱ्या चघळायचा. त्याचा आवाज वेगळा होता, जरा घाईचा. मला त्याची सवय व्हायला फार दिवस लागले.

शेवंता गेली. औषध यायला उशीर झाला म्हणून आणखी दोन घोडी गेली. बाकीची वाचली. सगळ्यांत जास्त जगला तो कबऱ्या.